कवडूभाऊच्या एकतीस टाक्या

खैरझरीच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी गावातलं पहिलं वाक्य मला छपरावरून ऐकू आलं. "मॅडम, जरा बाजूले सरा जी. पन्हाळ खाली येऊन राह्यली."

मी वर पाहिलं. टिनाच्या कडेला एक सडपातळ माणूस उकिडवा बसला होता. वय पन्नाशीच्या पुढचं. डोक्याला गमछा, हातात पक्कड, तोंडात दोन खिळे. खाली उतरून त्यांनी खिळे खिशात टाकले, "जय सेवा" म्हणाले आणि मला शाळेमागच्या टाकीपाशी घेऊन गेले. नव्या माणसाला लोक गावचं देऊळ दाखवतात, कवडूभाऊ मडावींनी मला टाकी दाखवली. तोटी सोडून ओंजळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पेऊन पाहा. मंग बोला."

पाणी खरंच गोड होतं. त्याची किंमत मला आठ दिवसांत कळली.

खैरझरी समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौकातून पुढे, हायवेलगत सहा-सात किलोमीटरवर. नळ एक दिवसाआड यायचा आणि त्याचं पाणी इतकं जड, की तुरीची डाळ दोन-दोन तास चुलीवर राहूनही दाणा दाणा वेगळा. चहावर पांढरी साय धरायची. मी वर्ध्याची, असल्या पाण्याची सवय नव्हती. शाळेच्या टाकीतलं पाणी घरी नेऊन डाळ लावली, तर ती अर्ध्या तासात मेणासारखी मऊ.

कवडूभाऊंनी बावीस वर्षं ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम केलं होतं. मोटार चालू करायची, टोलीचा, म्हणजे पश्चिमेकडच्या गोंड वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग बाजारओळीचा, मग बौद्धपुऱ्याचा. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाकडे बारसं आहे, हे त्यांना आधी ठाऊक असायचं, कारण जास्तीचं पाणी त्यांच्याकडेच मागितलं जायचं. त्यांची आई घरात गोंडीच बोलायची. ते स्वतः मराठी बोलत, पण तहान लागली की तोंडून "येर" हाच शब्द निघायचा. येर म्हणजे पाणी. "बाकीची बोली विसरून राह्यलो मॅडम," ते म्हणायचे, "पन हा शब्द काही जात नाई."

नोकरी संपली त्याच वर्षी कुठल्याशा योजनेतून शाळेवर पावसाच्या पाण्याची टाकी आली. बसवायला आलेल्या मिस्त्रीच्या मागं कवडूभाऊ तीन दिवस फिरले आणि सगळं काम शिकून घेतलं. छपराच्या कडेला पन्हाळ, तिथून पाइप, पाइपाला एक बूच म्हणजे सुरुवातीचं घाण पाणी बाहेर सोडता येतं, मग गिट्टी, रेती आणि कोळशाची गाळणी, मग ओट्यावर काळी टाकी. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी गावात अशा तीस टाक्या बसवल्या. शाळेची धरून एकतीस. मजुरी ठरलेली होती. टाकी भरली की त्या पाण्यात शिजवलेल्या डाळीचं एक जेवण. त्यांची बायको बायजा हसून सांगायची, "आमच्या घरी हे पावसाळाभर जेवतच नाई. रोज कोन्या ना कोन्या घरचं वरन."

बायजाबाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायच्या. बोलायला फटकळ, पण नवऱ्याचं कौतुक त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

गावच्या पश्चिमेला, शेतांच्या पलीकडे, भंगार वितळवून लोखंडी सळया करणारा एक कारखाना होता. त्याची दोन धुराडी शाळेच्या अंगणातून दिसायची. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक तांबूस-काळी भुकटी बसायची. लोक कपडे झटकायचे आणि घडी घालायचे. मीही तेच करायचे.

हे सगळं डोळ्यांसमोर असूनही आमच्यापैकी कोणाला टाकीची शंका आली नाही, याचं कारण एक तपासणी होती. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी मिळाली होती, त्यांत बायजाबाईही होत्या. त्या पेटीतल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. जंतू असतील तर पाणी काळं पडतं. कवडूभाऊंच्या एकाही टाकीचं पाणी काळं पडलं नाही. नळाचं मात्र दोनदा पडलं. झालं! कवडूभाऊंची छाती फुगली. हायवेवर चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवणाऱ्या गजेंद्रनं टाकी बसवून घेतली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं, "पावसाच्या पाण्याचा चहा". जामहून पुढे निघालेले ट्रकवाले तिथं थांबायला लागले.

माझी भाची अंकिता तेव्हा वर्ध्याला रसायनशास्त्र शिकत होती. तिला प्रकल्पासाठी पाण्याचे नमुने हवे होते. ती गावात आली तेव्हा तिच्यापेक्षा जास्त उत्साह कवडूभाऊंना. त्यांनी तिला सायकलवर डबल सीट घेऊन टाक्या दाखवल्या आणि सहा बाटल्या स्वतः भरून दिल्या.

"नागपूरच्या मोठ्या लॅबमंधी धाड पोरी," ते म्हणाले. "आन् कागद आला का मले दे. फ्रेम करून पंचायतीत लावतो. नंबर एक पानी हाय, लिहून घे."

कागद महिन्याभरानं आला. अंकितानं तो मला फोनवर वाचून दाखवला. जंतू नाहीत. खारटपणा नाही. पण सहाही बाटल्यांत शिसं होतं. टोलीतल्या टाकीत तर पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या चौपट. आमच्या पेटीतल्या बाटलीला शिसं दिसतच नाही. ती फक्त जंतू पाहते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कवडूभाऊंना वर्गात बोलावलं. ते हातपाय धुऊन, केस विंचरून आले होते. फ्रेमसाठी घरून काच घेऊन आले होते, जुन्या फोटोची.

मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. कारखान्यात भंगार वितळतं, त्याच्या धुरातून शिसं उडतं, ते छपरांवर बसतं आणि पावसाबरोबर टाकीत उतरतं.

"पन आपन पहिलं पानी सोडून देतो ना?"

"थोडं कमी होत असेल. पण भुकटी रोज बसते, भाऊ."

"कोळसा, रेती?"

"त्यातून शिसं गाळलं जात नाही पुरेसं."

"आन् उकळलं तर? आमच्या घरी उकळूनच पेतात."

"उकळल्यानं जंतू मरतात. शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं."

त्यांनी हातातली काच टेबलावर ठेवली. बाहेर पोरं लंगडी खेळत होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सोनमले सातवा लागला."

सोनम त्यांची एकुलती एक लेक. बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरीला नळाचं पाणी नको म्हणून तिच्यासाठी वेगळा माठ होता, टाकीच्या पाण्याचा. तो कवडूभाऊ रोज स्वतः भरत.

ते उठले आणि तसेच घरी निघाले. मी चप्पल घालून मागोमाग गेले. सोनम ओसरीवर बसून वाल सोलत होती. कवडूभाऊंनी माठ उचलला, अंगणाच्या कडेला नेला आणि पालथा केला.

बायजाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अजी, काय करून राह्यले? भरलेला माठ काऊन सांडला?"

"जहर हाय त्यात," कवडूभाऊ म्हणाले. "मीच पाजून राह्यलो होतो पोरीले." आणि ते तिथंच खाली बसले. त्या माणसाला मी रडताना पाहिलं ते तेवढंच एकदा.

सोनमच पहिल्यांदा सावरली. ती उठली, वाल बाजूला ठेवले आणि बापाजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, तुमाले मालूम असतं तं पाजलं असतं का? उठा. दवाखान्यात जाऊ, पाहू काय म्हनते डॉक्टर."

मी त्यांच्यासोबत वर्ध्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, रक्त तपासायला दिलं. आठवड्यानं अहवाल आला. शिसं थोडं वाढलेलं होतं, पण फार नाही. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आजपासून ते पाणी पूर्ण बंद. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि वेळेत कळलं, याचं बरं वाटून घ्या."

परत येताना एसटीत कवडूभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. एकदम म्हणाले, "माह्या पोरीले कळलं. बाकीच्या तीस टाक्याइचं काय?"

त्या संध्याकाळी त्यांनी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. शाळेची टाकी मी कागद आला त्याच दिवशी बंद केली होती; बाकीच्या ज्या क्रमानं बसवल्या होत्या त्याच क्रमानं ते घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं, मग टाकीवर लिहायचं, "हे पाणी पिऊ नये". त्यांना लिहायची फार सवय नव्हती. पहिल्या काही टाक्यांवरचं "ऊ" वाकडंच आलं.

मी म्हटलं होतं, ग्रामसभेत एकदाच सांगू. त्यांनी ऐकलं नाही. "बसवाले घरोघर गेलतो मॅडम. सांगाले बी घरोघरच जाईन."

लोकांनी काय ऐकवलं नाही! धुरपताबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी दारच लावून घेतलं. इतक्या वर्षांनी त्यांची डाळ शिजायला लागली होती. कोणी म्हणालं, कारखान्यात माहा पोरगा कामाले हाय, तुले तो बंद पाडाचा हाय का? कोणी म्हणालं, तूच बसवलं, आता तूच म्हनतं पिऊ नका, उद्या अजून काय सांगशील? कवडूभाऊ सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "चूक माही हाय. मी छप्पर पाह्यलं, हवा नाई पाह्यली."

सगळ्यात अवघड गेला गजेंद्र. त्यानं भिंतीवरची अक्षरं पुसायला साफ नकार दिला. "कवडूभाऊ, त्या तीन शब्दाईवर माहं हॉटेल चालते. चहा काय घडाभर पेते का कोनी? एक कप!"

"एक कप गिऱ्हाईक पेते. तू आन् तुही बायको, पोरं दिवसभर तेच पेता."

"जा ना बाप्पा, धंद्याच्या टायमाले डोकं नको खाऊ."

कवडूभाऊ भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात जाऊन समोरच्या बाकावर बसले आणि एक चहा मागवला. चहा आला. तो पुढ्यात ठेवून ते नुसते बसले. शेजारच्या ट्रकवाल्यानं विचारलं, "काका, चाय ठंडी हो रही, पीते काहे नहीं?"

"पिऊन नाई राह्यलो," कवडूभाऊ शांतपणे म्हणाले. "हे पानी मीच भरून देल्लं. मले मालूम हाय त्यात काय हाय."

असं तीन दिवस. रोज एक चहा, रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. आणि रोज येताना सायकलला दोन कॅन बांधून नळाचं पाणी आणून ते गजेंद्रच्या मोरीजवळ ठेवून द्यायचे. चौथ्या दिवशी गजेंद्रच्या बायकोनं, मयुरीनं, स्वतः चुन्याची बादली उचलली आणि भिंत पांढरी केली. गजेंद्र आठ दिवस कवडूभाऊंशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं त्यांना हाक मारून गरम भजी दिली. चहा मात्र पांढऱ्या सायीचा.

गाव पुन्हा नळाच्या जड पाण्यावर आलं, तेही उकळून. टाक्यांचं पाणी धुण्याभांड्याला आणि संडासाला. बायजाबाई मला म्हणाल्या, "मॅडम, ह्याइले काहीतरी काम सांगा. घरात बसून नुसते धुराड्याइकडं पाहत राह्यतात."

काम त्यांनी स्वतःच शोधलं. एके सकाळी ते शाळेत आले आणि पोषण आहाराच्या स्टीलच्या थाळ्या मागितल्या. बारा. कशाला, ते सांगेनात. गावातल्या आणि गावाबाहेरच्या बारा छपरांवर त्यांनी थाळ्या ठेवल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली मातीचा गोळा. बरोबर एका दिवसानं प्रत्येक थाळी धुतलेल्या पांढऱ्या कापडानं पुसली आणि कापडाला घरधन्याच्या नावाची चिठ्ठी टाचली. बारा कापडं पंचायतीच्या भिंतीवर ओळीनं लावली, तेव्हा वाचता न येणाऱ्यालाही सगळं कळत होतं. टोलीचं कापड जवळजवळ काळं. बाजारओळीचं तांबूस. पूर्वेकडे जावं तसं फिकं. आणि शेवटचं एक, बिनचिठ्ठीचं, स्वच्छ.

"हे कोनाचं?" सरपंच प्रमिलाबाईंनी विचारलं. त्या टोलीतल्याच, कमी बोलणाऱ्या, पण एकदा मनावर घेतलं की तहसीलपर्यंत चालत जाणाऱ्या.

"टेकडीच्या तिकडची फॉरेस्टची जुनी चौकी," कवडूभाऊ म्हणाले. "पावसाळ्यात हवा इकडून तिकडं जाते. पन मधात टेकडी हाय. तिथी भुकटी पोहचतच नाई. मी थाळी तीनदा ठेवून पाह्यली."

मला अंकिताची आठवण झाली. मी म्हटलं, "भाऊ, कापड स्वच्छ दिसलं तरी शिसं डोळ्यांना दिसत नाही."

"मालूम हाय," ते पहिल्यांदाच हसले. "आता मी कापडावर भरोसा ठेवत असतो का? पानी नागपूरले धाडाचं. पन कोठचं धाडाचं ते तं कापड सांगते."

पुढचं सोपं नव्हतं. चौकी वापरात नव्हती, तरी वनखात्याची होती. प्रमिलाबाईंनी ग्रामसभेचा ठराव केला, गावच्या वनसमितीचं पत्र जोडलं, चार वेळा चकरा मारल्या. परवानगी यायला उन्हाळा उजाडला. जुने गंजके टिन काढून नवे घातले. चौकीमागं सिमेंटचं मोठं टाकं बांधलं, त्यासाठी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस श्रमदानाला आला. कारखान्यात पोरगा असलेला बापही आला. धुरपताबाईंनी आपल्या वाटच्या कामासाठी जावयाला पाठवलं आणि स्वतः दुपारी ताक घेऊन आल्या.

पावसाळ्यात टाकं भरलं. कवडूभाऊंनी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली प्रमिलाबाईंकडे दिली. लोक म्हणाले, आता कशाची वाट? ते म्हणाले, कागदाची. अंकिता आता नागपुरात नोकरीला होती. तिनं जुलैत नमुना नेला, पुन्हा सप्टेंबरात नेला. दोन्ही कागद चांगले आले. शिसं मोजता येईल इतकंही नव्हतं. तेव्हा कुठं कुलूप निघालं. टेकडीला वळसा घालून पाइप गावाच्या पूर्वेच्या टोकाशी आणला आणि तिथं एक तोटी बसवली. प्रत्येक घराला रोज एक घागर, प्यायला आणि डाळीला. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल त्या घराला दोन. हा दोन घागरींचा नियम कवडूभाऊंनी सुचवला, आणि त्यावर ग्रामसभेत कोणी एक शब्द बोललं नाही.

या सगळ्याच्या आधीच, माघात, सोनमला मुलगी झाली होती. तीन किलोची, टपोऱ्या डोळ्यांची. तिचं रक्तही डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी तपासलं. अहवाल हातात पडेपर्यंत कवडूभाऊ दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. आत यायची त्यांची हिंमत होईना. सोनम बाहेर आली, पोर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घ्या, काही नाई तिले. आता तरी जेवून घ्या."

कारखान्याचं म्हणाल तर ती गोष्ट अजून संपलेली नाही. प्रमिलाबाईंनी ती बारा कापडं आणि नागपूरचे कागद एका पिशवीत घालून प्रदूषण पाहणाऱ्या कार्यालयात नेऊन दिले. माणसं आली, पाहून गेली. धूळ पकडणारं यंत्र बिघडलेलं निघालं, ते दुरुस्त झालं. कापडं आता पूर्वीइतकी काळी होत नाहीत. पांढरीही राहत नाहीत. जुन्या टाक्यांवरची लाल अक्षरं तशीच आहेत आणि कवडूभाऊ दर उन्हाळ्यात त्यांच्यावरून नवा हात मारतात.

माझी बदली गेल्या वर्षी आंजी मोठीला झाली. शाळेचं छप्पर मोठं, उन्हाळ्यात पाण्याची ओढ. मुख्याध्यापक म्हणाले, टाकी बसवू या, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? मी कवडूभाऊंना फोन केला. ते दोन एसटी बदलून आले. बायजाबाईंनी माझ्यासाठी मोहाच्या फुलांचे लाडू दिले होते.

मला वाटलं, ते आधी छपरावर चढतील. ते गावातून फिरून आले. वीटभट्टी किती लांब, कापसाचं जिनिंग कोणत्या दिशेला, शेजारच्या वावरात फवारणी कधी होते, टिनाला कोणता रंग मारला होता, हे सगळं त्यांनी पाचजणांना विचारलं. मुख्याध्यापक जरा कंटाळले. म्हणाले, "कवडूभाऊ, पाणी शेवटी आभाळातूनच येतं ना? ते तर शुद्धच असतं."

"आभाळातून निघते तवा शुद्धच असते जी," कवडूभाऊ म्हणाले. "मंग ते आपल्या गावात येते."

त्यांनी एक पावसाळा थांबायला सांगितलं. नमुने घ्यायचे महिने मला लिहून दिले, दोन बाटल्या कशा धुवायच्या ते दाखवलं. मग स्टाफरूममध्ये आमच्यासोबत जेवले. वरण दोनदा मागून घेतलं, पाणी कुठलं ते विचारलं, आणि शिपाईकाकांनी दिलेली पेरूंची पिशवी नातीसाठी बगलेत मारून चारच्या एसटीनं गावी गेले.